कूलंट बदलताना आत राहिलेली हवा

जंक्शन गावाहून वालचंदनगरकडे वळलं की गाळप हंगामात पुढे उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागलेली असते. गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रखडते, एसी चालू असतो, समोरून वारा मिळत नाही. कूलंट नुकतंच बदललेलं असूनही अशा वेळी तापमानाचा काटा वर सरकू लागतो आणि मोकळा रस्ता मिळाला की पुन्हा खाली येतो. कुणी म्हणतं कूलंट हलकं निघालं, कुणी म्हणतं रेडिएटर चोंदला. पण कूलंट बदलल्यावर लगेच असं झालं, तर पहिला संशय घ्यावा तो आत राहिलेल्या हवेचा.

कूलंट बदलणं तसं सोपं आहे. जुनं सोडायचं, नवं भरायचं. चुकतं ते भरून झाल्यानंतर. टाकी काठोकाठ दिसली की काम संपलं असं वाटतं. पण वर टाकी भरलेली असूनही आत इंजिनात अर्धा-पाऊण लिटरची जागा रिकामी असू शकते. ही हवा का अडकते, ती कशी काढायची आणि निघाली हे कशावरून ओळखायचं, ते आपण क्रमाने पाहू.

आधी रचना समजून घेऊ. इंजिनात पेट्रोल किंवा डिझेल जळतं, तिथल्या भिंतींच्या आत पोकळ वाटा असतात. त्या वाटांतून कूलंट, म्हणजे पाणी आणि ग्लायकॉल नावाच्या द्रवाचं मिश्रण, फिरत राहतं. वॉटर पंप ते ढकलतो. गरम झालेलं कूलंट वरच्या होज पाइपातून रेडिएटरमध्ये येतं, म्हणजे गाडीच्या नाकापाशी असलेल्या जाळीदार पेटीत, आणि तिथे थंड होऊन खालच्या पाइपाने परत जातं. एक छोटी वाट डॅशबोर्डमागच्या हीटरकडे जाते. आपल्याकडे हीटर फारसा कुणी वापरत नाही, पण हवा निघण्याच्या दृष्टीने ही वाट महत्त्वाची आहे. तिची आठवण ठेवा.

इंजिन आणि रेडिएटर यांच्यामध्ये एक झडप असते, तिला थर्मोस्टॅट म्हणतात. तिच्या आत मेणाची डबी असते. कूलंट साधारण ८२ ते ९० अंश सेल्सिअसला पोचलं की मेण वितळून फुगतं आणि झडप उघडते. तोवर कूलंट इंजिनातच फिरतं, रेडिएटरकडे जात नाही. याचा अर्थ असा की थंड गाडीत आपण कूलंट ओततो तेव्हा मधलं दार बंद असतं. दाराच्या पलीकडची हवा आपण कितीही ओतलं तरी लगेच बाहेर येत नाही. हवा राहण्याचं हे पहिलं कारण.

दुसरं कारण उंचीचं. ते समजायला आधी एक जुनी गाडी आठवू. वालचंदनगर वसवणाऱ्या वालचंद हिराचंद यांनीच १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून पुढे फियाट ११०० आणि प्रीमियर पद्मिनी या गाड्या बाहेर पडल्या. पद्मिनीचं बॉनेट उघडलेलं ज्यांनी पाहिलं आहे त्यांना आठवेल, उभा रेडिएटर आणि त्याच्या माथ्यावर झाकण. झाकण उंचावर, त्यामुळे हवा आपसूक वर येऊन निघून जायची. ट्रॅक्टरचा रेडिएटर आजही असाच उभा असतो. आताच्या गाड्यांची नाकं खाली आली, रेडिएटर बुटके झाले आणि हीटरचे पाइप, थर्मोस्टॅटची पेटी यांच्यातलं काही ना काही झाकणापेक्षा उंच गेलं. हवा नेहमी उंच जागा धरते. म्हणून जुन्या गाडीला जे न करता चालायचं, ते आताच्या गाडीला मुद्दाम करावं लागतं.

नीरा नदीवरून किंवा कालव्यावरून ज्यांनी लिफ्टची पाइपलाइन नेली आहे, त्यांना हे वेगळं सांगायला नको. लाइन जिथे उंचवट्यावरून जाते तिथे हवा धरते, मोटर फिरत राहते आणि शेवटच्या वाफ्याला पाणी पोचत नाही. म्हणून त्या उंचवट्यावर एअर व्हॉल्व्ह बसवतात. गाडीच्या इंजिनात नेमकं हेच होतं, फक्त इथे परिणाम जास्त महागात पडतो.

महागात का, ते पाहा. द्रव धातूला चिकटून वाहतो तेव्हा उष्णता घेऊन जातो. हवा किंवा वाफ ते काम जवळजवळ करतच नाही. इंजिनाच्या हेडमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या वरच्या झाकणात, हवेचा फुगा बसला तर तेवढीच जागा अतोनात तापते. आजूबाजूचं कूलंट तिथे उकळतं, वाफ होते, फुगा मोठा होतो. ॲल्युमिनियमचं हेड अशा असमान उष्णतेने वाकडं होऊ शकतं. मग हेड आणि ब्लॉक यांच्यामधली पातळ चकती, हेड गॅस्केट, जाते आणि खर्च हजारांत होतो. वालचंदनगरच्या यंत्र कारखान्याने साखर कारखान्यांची यंत्रसामग्री बनवली, आणि त्या यंत्रांतही हवा साचू न देण्याचा हाच नियम पाळावा लागतो. उसाचा रस आटवणाऱ्या इव्हॅपोरेटरमध्ये वाफेच्या बाजूला हवा आणि द्रवरूप न होणारे वायू साचू दिले, तर नळ्यांभोवती त्यांचं आवरण बसतं आणि उष्णता रसापर्यंत पोचत नाही. म्हणून ते वायू सतत बाहेर सोडावे लागतात. बॉयलर पाण्याने भरतानाही वरचा व्हेंट उघडा ठेवतात.

हवेचा आणखी एक धोका असा की ती आपल्याला फसवते. तापमान मोजणारा सेन्सर द्रवात बुडालेला असावा लागतो. त्याच्याभोवती हवा असेल तर तो खरं तापमान सांगत नाही. आत इंजिन उकळत असतं आणि काटा मात्र मध्यावर शांत असतो. थर्मोस्टॅटच्या मेणालाही गरम द्रवाचा स्पर्श लागतो. हवेत तो उशिरा उघडतो. पंखा सेन्सरच्या सांगण्यावर चालतो, म्हणून तोही उशिरा फिरतो. काटा वर गेलेला नाही म्हणून निर्धास्त राहू नये, असं मी सगळ्यांना आवर्जून सांगतो ते यासाठी.

आता कामाला लागू. गाडी पूर्ण थंड हवी. रात्रभर उभी असलेली सर्वांत उत्तम, त्यामुळे सकाळी लवकर काम काढावं. गरम इंजिनाचं झाकण कधीही उघडू नका. झाकण आत दाब धरून ठेवतं आणि त्या दाबामुळे कूलंट १०० अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण सैल होताच दाब जातो, एका क्षणात वाफ होते आणि उकळतं कूलंट तोंडावर-हातावर उडतं. घाटात गाडी तापल्यावर घाईने झाकण फिरवून भाजलेली माणसं आपण सगळ्यांनीच पाहिली-ऐकली आहेत.

जागा मोकळी हवी. इंजिन बराच वेळ चालू ठेवायचं आहे. बंद गॅरेजमध्ये धुराड्यातला विषारी वायू साचतो. शक्य असेल तर गाडीचं तोंड चढाकडे करून लावा. हेतू एवढाच की जिथून आपण कूलंट ओततो ते तोंड सगळ्यांत उंच यावं. काही गाड्यांत ओतायची टाकी मागे, काचेच्या बाजूला असते. तिथे गाडी सपाट जागेवर ठेवलेली बरी. हँडब्रेक ओढा आणि मागच्या चाकांमागे दगड लावा.

आपली गाडी कोणत्या प्रकारची आहे ते आता ओळखा, कारण पुढची एक पायरी त्यावर ठरते. काही गाड्यांत रेडिएटरलाच धातूचं झाकण असतं आणि बाजूला एक साधी प्लास्टिकची बाटली असते. कूलंट तापून फुगलं की जादाचं त्या बाटलीत जातं आणि थंड झालं की परत ओढलं जातं. दुसऱ्या प्रकारात रेडिएटरला झाकणच नसतं. जाड प्लास्टिकची टाकी असते आणि तिचं आट्यांचं झाकण दाब धरतं. या टाकीला एक्स्पान्शन टँक म्हणतात, म्हणजे फुगलेल्या कूलंटला जागा देणारी टाकी. तिला वरच्या अंगाला एक बारीक पाइप जोडलेला असतो. हवा परत येते ती त्याच पाइपाने. काम काढलंच आहे तर तो चोंदलेला नाही ना, हे पाहून घ्या.

गाडीचं मॅन्युअल काढून दोन गोष्टी वाचा: एकूण कूलंट किती लिटर आणि कोणत्या प्रकारचं. छोट्या गाडीत ते साधारण ४ लिटरच्या आसपास असतं, मोठ्या डिझेल गाडीत त्याच्या दुपटीपर्यंत जातं. रंगावर विसंबू नका. हिरवं, लाल, गुलाबी, निळं हे रंग कंपन्या आपापल्या सोयीने देतात. एकाच रंगाच्या दोन बाटल्यांतली रसायनं वेगळी असू शकतात. न जुळणारी कूलंट मिसळली तर गंजरोधक द्रव्यं निकामी होतात, कधी गाळही बनतो.

हीटर पूर्ण गरमवर ठेवा. काही जुन्या गाड्यांत हीटरच्या वाटेवर नळ असतो. तो बंद राहिला तर तिथली हवा तिथेच राहते, आणि ती नंतर कधीतरी सुटून इंजिनात येते. नव्या गाड्यांत कूलंट त्या वाटेने कायम फिरतं, तरी बटण गरमवर ठेवल्याने नुकसान काही नाही, आणि पुढे तपासणीला ते उपयोगी पडतं.

आता झाकण काढा, खाली रुंद घमेलं ठेवा आणि रेडिएटरच्या तळाचा छोटा नळ हाताने सैल करा. नळ नसेल किंवा घट्ट बसला असेल तर खालच्या होज पाइपाची क्लिप सरकवून पाइप ओढावा लागतो. प्लास्टिकच्या नळावर पान्ह्याने जोर लावू नका, तो तुटला तर रेडिएटरच बदलण्याची वेळ येते.

इथे या सगळ्या कामातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट येते, आणि ती बहुतेक जण करत नाहीत. बाहेर आलेलं कूलंट मोजा. घमेल्यातलं लिटरच्या मापाने मोजत झाकणाच्या कॅनमध्ये भरा आणि आकडा कागदावर लिहा. निघालं किती आणि परत गेलं किती, यांतला फरक म्हणजे आतली हवा. डोळ्यांना हवा दिसत नाही, आकड्यात ती दिसते. ३.२ लिटर निघालं आणि नवं २.५ लिटरलाच टाकी भरली, तर ०.७ लिटर हवा आत आहे हे आपल्याला इंजिन चालू करण्याआधीच कळतं. गाडी आधीच कमी कूलंटवर चालत असेल तर हा हिशेब थोडा चुकेल. म्हणून सोडण्यापूर्वी टाकीतली पातळीही टिपून ठेवा.

जुनं कूलंट तांबूस किंवा गढूळ निघालं तर साफ पाण्याने एक-दोनदा धुऊन घ्यावं. मात्र रेडिएटरचा नळ उघडला म्हणजे सगळं रिकामं होत नाही. इंजिनाच्या ब्लॉकमध्ये आणि हीटरमध्ये बरंच राहतं. धुतल्यावर आत जे राहतं ते पाणी असतं, आणि ते नव्या कूलंटला पातळ करतं. उदाहरण घेऊ. एकूण क्षमता ५ लिटर, धुतल्यावर शेवटी निघालं ३ लिटर, म्हणजे आत २ लिटर पाणी आहे. आता वापरायला तयार असं निम्मं-निम्मं मिश्रण ३ लिटर ओतलं, तर त्यात ग्लायकॉल दीड लिटर, म्हणजे पाचांत ३० टक्केच. निम्मं हवं असेल तर आधी अडीच लिटर न मिसळलेलं कूलंट ओतावं आणि वरचं अर्धा लिटर डिस्टिल्ड पाणी घालावं. म्हणून धुवायचं असेल तर दाट कूलंट आणा. तयार मिश्रणच आणलं असेल तर पाण्याने धुण्याच्या भानगडीत न पडलेलं बरं.

पाण्याविषयी थोडं थांबून सांगतो, कारण आपल्या भागात हा प्रश्न खरा आहे. नीरा डाव्या कालव्याखालच्या या पट्ट्यात चोपण जमिनी आहेत आणि कित्येक बोअरचं पाणी क्षारांचं आहे. गिझरच्या कॉइलवर, नळाच्या तोंडावर जो पांढरा थर बसतो, तोच इंजिनाच्या वाटांत बसतो आणि उष्णता अडवतो. शेवटचं पाणी बोअरचं असू नये. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी कोणत्याही बॅटरीच्या दुकानात मिळतं, ते वापरा. इथे बर्फ पडत नाही, मग कूलंट कशाला, असंही कुणी विचारतं. गोठण्याशी आपला संबंध नाही, हे खरं. पण गंज रोखणं, पंपाच्या सीलची काळजी घेणं आणि उकळण्याचं तापमान वाढवणं ही कामं कूलंटच करतं. निम्मं मिश्रण उघड्यावर साधारण १०७ अंशांला उकळतं आणि झाकणाचा दाब धरला की १२५ अंशांच्या पुढे जातं. याउलट जास्त कूलंट म्हणजे जास्त चांगलं, हेही चूक आहे. ग्लायकॉलपेक्षा पाणी जास्त उष्णता वाहून नेतं; त्यामुळे नुसतं दाट कूलंट भरलेली गाडी उलट जास्त तापते.

नळ बंद करा, पाइप पूर्ण आत ढकला, क्लिप जुन्याच खुणेवर बसवा. थर्मोस्टॅट नवा घालत असाल तर त्याच्या कडेला एक बारीक भोक आणि त्यात हलणारी छोटी पिन दिसते का पाहा. ते भोक हवेसाठीच ठेवलेलं असतं. पिन वरच्या बाजूला येईल असाच थर्मोस्टॅट बसवायचा. उलटा बसला तर गाडी चालते, पण हवा तिथेच अडून राहते, आणि कारण काही केल्या सापडत नाही.

पुष्कळ गाड्यांत हवा सोडण्यासाठी वेगळा स्क्रू असतो, त्याला ब्लीड स्क्रू म्हणतात. तो थर्मोस्टॅटच्या पेटीवर, रेडिएटरच्या वरच्या कोपऱ्यात किंवा हीटरच्या पाइपावर सापडतो. पुष्कळदा तो प्लास्टिकचा आणि उन्हाने-उष्णतेने ठिसूळ झालेला असतो. हलक्या हाताने दोन आटे सैल करा, पूर्ण काढू नका. सगळ्याच गाड्यांत असा स्क्रू नसतो. नसेल तर काळजीचं कारण नाही, पुढच्या पायऱ्यांना थोडा जास्त वेळ द्यायचा.

आता नवं कूलंट ओता, बारीक धारेने. ही पायरी घाईची नाही. भसकन ओतलं की द्रव वाट अडवतो आणि खालची हवा खालीच कोंडली जाते. लांब नळीचं नरसाळं तोंडावर घट्ट बसवलं तर फार सोय होते. नरसाळ्यात कायम थोडं कूलंट राहू दिलं की तेच सर्वांत उंच ठिकाण होतं. मोठी प्लास्टिकची बाटली कापून, तोंडाला रबराचा तुकडा गुंडाळूनही हे जमतं.

ओतताना अधूनमधून थांबा आणि वरचा व खालचा होज पाइप हाताने दाबा, सोडा, पुन्हा दाबा. टाकीत बुडबुडे येतील आणि पातळी खाली जाईल. पुन्हा ओता. ब्लीड स्क्रूमधून आधी फसफस, मग फेस आणि शेवटी सलग धार येते. धारेत बुडबुडा दिसेनासा झाला की स्क्रू बंद करा. किती गेलं ते इथे एकदा पाहा. हिशेबात तूट असणारच, कारण थर्मोस्टॅट अजून बंद आहे.

इंजिन चालू करायच्या वेळी दोन प्रकार वेगळे होतात. रेडिएटरला झाकण असलेल्या गाडीत, मॅन्युअल वेगळं सांगत नसेल तर, झाकण उघडं ठेवून आणि नरसाळं लावून इंजिन सुरू करायचं. एक्स्पान्शन टँकवाल्या बऱ्याच गाड्यांत झाकण लावूनच इंजिन चालवायला सांगितलेलं असतं, कारण हवा बारीक पाइपाने टाकीत परत येण्याची व्यवस्था तिथे आधीच असते. आपल्या गाडीचं मॅन्युअल जे म्हणतं तेच करा. झाकण लावून इंजिन चालवलं असेल, तर ते पूर्ण थंड होईपर्यंत पुन्हा उघडायचं नाही.

इंजिन हळू चालू द्या. एसी बंद ठेवा. एसी चालू असला की बहुतेक गाड्यांत पंखा तापमान न पाहताच फिरतो, आणि मग आपल्याला पंख्यावरून काही कळत नाही. या वेळी ओढणी, पदर, सैल बाही, लहान मुलं बॉनेटपासून लांब हवीत. विजेचा पंखा कोणतीही सूचना न देता सुरू होतो, काही गाड्यांत तर इंजिन बंद केल्यावरही.

सुरुवातीची काही मिनिटं बारीक बुडबुडे येत राहतील. त्यातले काही अडकलेल्या हवेचे, तर काही नव्या पाण्यात विरघळलेल्या हवेचे असतात, जी तापल्यावर सुटते. मध्येच पातळी एकदम खाली जाते. घाबरू नका, थर्मोस्टॅट उघडला आहे आणि कूलंट रेडिएटरच्या वाटेला लागलं आहे. झाकण उघडं ठेवलं असेल तर तेवढं लगेच भरा. मधूनमधून ॲक्सिलरेटर थोडा देऊन इंजिन १,५०० ते २,००० फेऱ्यांवर काही सेकंद धरलं तर पंपाला जोर येतो आणि कोपऱ्यातली हवा निघते. जोरात रेस मात्र करू नका. नरसाळ्यातून कूलंट उसळून अंगावर येईल.

आता हाताने तपासा. वरचा होज पाइप गरम झाला का? थोड्या वेळाने खालचा झाला का? वरचा चटका देणारा आणि खालचा गार, असं बराच वेळ राहिलं तर वाट कुठेतरी अडली आहे. गाडीत बसून हीटरचा पंखा लावा. गरम वारा आला तर ती वाट मोकळी आहे. काटा वर आणि हीटरमधून गार वारा, ही हवा अडकल्याची सर्वांत भरवशाची खूण आहे. डॅशबोर्डमागून पाणी खळखळल्याचा आवाज, ही दुसरी.

रेडिएटरचा पंखा स्वतःहून सुरू होऊन बंद होईपर्यंत थांबा, आणि असं दोनदा होऊ द्या. लोक कंटाळतात ते इथेच. पहिल्यांदा पंखा फिरला की झाकण लावून मोकळे होतात. दोन फेऱ्या झाल्या, बुडबुडे थांबले, पातळी स्थिर झाली, की मग झाकण पूर्ण घट्ट लावा, बाजूच्या बाटलीत वरच्या आणि खालच्या खुणेच्या मधोमध कूलंट भरा आणि इंजिन बंद करा. मात्र नरसाळं लावलेलं असताना काटा मध्याच्या वर जाऊ लागला किंवा कूलंट भराभर उसळू लागलं, तर थांबा. इंजिन बंद करून ते पूर्ण निवू द्या आणि पाइप दाबण्यापासून पुन्हा सुरू करा.

पण अजून काम संपलेलं नाही. इंजिन थंड होतं तेव्हा आतलं कूलंट आकसतं आणि झाकणातली छोटी झडप बाटलीतलं कूलंट आत ओढून घेते. उरलेली हवा रात्रीतून माथ्यावर येऊन बसते. म्हणून खरी पातळी दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडी चालू करण्याआधी दिसते. त्या वेळी झाकण उघडून भरा आणि आपला हिशेब पुन्हा मांडा. जेवढं निघालं जवळपास तेवढं आत गेलं असेल, तर गाडी रस्त्यावर काढायला हरकत नाही.

पहिला फेरा जवळचाच ठेवा, जंक्शनपर्यंत जाऊन परत किंवा लासुर्ण्यापर्यंत. सोबत दोन लिटर तयार मिश्रण आणि पाण्याची बाटली असू द्या. परत आल्यावर गाडी निवू द्या, पातळी पाहा. पुढचे काही दिवस रोज सकाळी पाहा. पहिल्या दोन-तीन सकाळी पातळी बोटभर उतरणं स्वाभाविक आहे. कूलंट बदलल्याबरोबर एप्रिलच्या उन्हात पुण्याला निघू नये, आणि परतताना दिवेघाट भरल्या गाडीने चढवू नये, एवढं तरी पाळावंच.

पातळी रोज उतरतच राहिली तर तो प्रश्न हवा काढण्याचा राहत नाही. कुठेतरी गळती आहे, क्लिप सैल आहे, पंपाचं सील गेलं आहे किंवा झाकणाचं रबर कडक झालं आहे. झाकण ही स्वस्त वस्तू आहे आणि तिच्याकडे सगळ्यांत कमी लक्ष जातं. जुनं असेल तर बदलून टाका, मात्र त्यावर लिहिलेला दाबाचा आकडा तोच हवा. बुडबुडे थांबतच नसतील, थंड इंजिन सुरू केल्याबरोबर वरचा पाइप दगडासारखा कडक होत असेल, धुराड्यातून गोडसर वासाचा पांढरा धूर येत असेल किंवा ऑइल दुधाळ दिसत असेल, तर हेड गॅस्केटमधून जळलेला वायू कूलंटमध्ये शिरत असण्याची शक्यता आहे. मग गाडी चालवू नका, मेकॅनिकला दाखवा. त्याच्याकडे निळ्या रसायनाची एक साधी तपासणी असते; टाकीतला वायू त्यातून नेला आणि रंग पिवळा झाला तर निदान पक्कं.

काही चांगल्या गॅरेजमध्ये हे सगळं उलट्या बाजूने करतात. कॉम्प्रेसरच्या जोरावर कूलिंगच्या वाटांतली हवा आधीच ओढून घेतात, निर्वात पोकळी टिकते का ते पाहतात, म्हणजे गळतीही कळते, आणि मग नळ उघडला की कूलंट आपोआप आत खेचलं जातं. आपल्या गाडीच्या वाटा वाकड्यातिकड्या असतील किंवा दोनदा करूनही हवा राहत असेल, तर या पद्धतीसाठी पैसे देणं मला रास्त वाटतं. हायब्रीड आणि इलेक्ट्रिक गाड्यांत बॅटरीसाठी, इन्व्हर्टरसाठी वेगळ्या कूलंटच्या वाटा आणि विजेवर चालणारे पंप असतात. तिथे हवा काढायला बहुधा संगणकावरून पंप चालवावा लागतो, आणि शेजारी उच्च दाबाची वीजही असते. त्या गाड्यांचं हे काम घरी करू नका.

शेवटी, काढलेल्या जुन्या कूलंटचं. इथिलीन ग्लायकॉल विषारी आहे, शिवाय चवीला गोड. कुत्री, मांजरं, शेळ्या ते चाटतात. थोड्या प्रमाणातही त्यांची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. जमिनीवर सांडलेलं भरपूर पाण्याने लगेच धुऊन काढा. कालव्यात, चारीत, गटारात किंवा बांधावर ओतू नका. त्या पाण्यावर जनावरं येतात. झाकणाच्या कॅनमध्ये भरा, ऑइलमध्ये मिसळू नका, कॅनवर ‘विषारी – जुनं कूलंट’ असं मोठ्या अक्षरांत लिहा आणि मुलांच्या हाताला लागणार नाही असं ठेवा. बारामतीला सर्व्हिसिंगला जाल तेव्हा तिथे ते घेतात का, हे आधी फोन करून विचारून घ्या. पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या बाटलीत मात्र ते एक दिवसही ठेवू नका.